खोकणारा दिवा

सिस्टरच्या बकरीच्या गळ्यात रेडियमची पट्टी होती. ट्रकच्या मागे लावतात तसली, लाल-पांढरी. तीच पट्टी छत्रीच्या दांड्याला, डब्याच्या झाकणाला आणि विहिरीच्या काठाला सगळीकडून चिकटवलेली होती. मी मूल या गावी त्यांची खोली बघायला गेले तेव्हा दिवेलागण होत आली होती. अंगणात पाऊल टाकलं आणि रस्त्यावरून वळणाऱ्या एका मोटरसायकलचा उजेड फाटकातून आत आला. क्षणभर सगळं अंगण चमकून उठलं. मी दचकून मागे सरकले.

"भेऊ नको," ओट्यावरून आवाज आला. "बकरी आहे. दिसली ना? मंग झालं."

त्या माझ्या घरमालकीण. आरोग्य खात्यात नर्स होत्या, निवृत्त झालेल्या. फाटकावरच्या पाटीवर त्यांचं नाव होतं, पण त्या नावाने त्यांना कोणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. सगळं गाव सिस्टर म्हणायचं, मीही सिस्टर म्हणायला लागले. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी चंद्रपूर रस्त्यावरच्या जंगलातल्या गावांमधून सायकलवर काढली होती. बाळंतपणं, लशी, तापाच्या गोळ्या. मूलच्या बसस्टँडवरच्या बऱ्याच ड्रायव्हर-कंडक्टरांना त्यांनी या जगात आणलं होतं, उरलेल्यांना सुया टोचल्या होत्या. त्यामुळे त्यांना उलटून बोलायची कोणाची टाप नव्हती. निवृत्तीनंतरही सायकल सुटली नव्हती. रोज दुपारी त्याच रस्त्याने शेतावर जायच्या आणि अंधार पडता पडता परत यायच्या.

मी चंद्रपूरची. इंग्रजी शाळेत शिकलेली. शाळेत इंग्रजी, घरी मराठी, आणि दोन्हीकडे गरजेपुरतंच बोलणारी. लोकांना ते गर्विष्ठपणाचं वाटायचं, आणि तसं नाही हे सांगायलाही बोलावंच लागलं असतं. सिस्टरना त्याचं काही वाटलं नाही. पहिल्याच दिवशी मी त्यांना म्हटलं, "मला थोडं पाणी मिळू शकेल का?" त्या कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या.

"पेपर वाचून बोलते का व तू? मिळू शकेल का म्हणते! पाणी दे म्हण."

मला ते म्हणायला दोन महिने लागले.

मूलपासून सायकलने अर्ध्या तासावरच्या एका गावात नवीन इंग्रजी शाळा निघाली होती. तिथे मला शिक्षिकेची नोकरी लागली होती. माझी पहिलीच. रस्ता सागाच्या जंगलातून जाणारा. शाळा सुटायची पाचला, मुलांना घेऊन जाणारे पालक येईपर्यंत साडेपाच व्हायचे. संध्याकाळची बस त्याआधीच मूलकडे निघून गेलेली असायची आणि नंतरची पार जेवणाच्या वेळेला. हिवाळ्यात मी सायकलवर बसायची तेव्हाच झाडांखाली अंधार साचलेला असायचा. वडिलांनी नोकरीला होकार दिला होता तो एका अटीवर. "दिवाळीपर्यंत बघू," ते म्हणाले होते. "येण्याजाण्याचं नीट बसलं नाही, तर सरळ घरी यायचं."

मला घरी जायचं नव्हतं. सिस्टरच्या घराची ती मागची खोली मला फार आवडली होती. एक खाट, एक खिडकी, खिडकीबाहेर ती चमकणारी बकरी. आणि खोलीची किल्ली फक्त माझ्याकडे.

संध्याकाळी शेतावरून आल्यावर सिस्टर ओट्यावर बसून रस्त्यावरचे दिवे बघायच्या. दुसऱ्या बायका जाणाऱ्या-येणाऱ्यांचे कपडे बघतात, तशा. समोरून तांदळाच्या मिलचा ट्रक पूर्ण उजेड फेकत गेला की म्हणायच्या, "हा वरडते." डायनामोवाला सायकलस्वार दमून हळू झाला आणि त्याचा दिवा मंद झाला की, "हा कुजबुजते. चढावर तं बोलतच नाई." बिनदिव्याची बैलगाडी गेली की, "मुका." माझी सायकल पहिल्यांदा बघितली तेव्हा तिच्या मागच्या फुटक्या लाल काचेवर त्यांनी बोट ठेवलं. "अन् तू? तू तं मालकिणीवानीच सायकल ठेवली. मुकी."

त्यांच्या लेखी उजेड म्हणजे बोलणंच होतं. "कोणाच्या घरी जातांनी आपण काय करतो? दारातून जरासं खोकतो. वरडत नाई, अन् चोरावानी गुपचूप घुसतबी नाई. रस्त्यावर तसंच. मी येऊन राह्यली, एवढंच सांगा. समोरच्याच्या डोळ्यात बोट घालू नका."

हे खूळ कुठून आलं ते मला लाईन गेलेल्या एका संध्याकाळी समजलं. त्या टॉर्च घेऊन माझ्या दारात आल्या, तेव्हा टॉर्चच्या तोंडावर तळहात होता आणि बोटांमधून लालसर उजेड जमिनीवर सांडत होता. मी म्हटलं, हात काढा ना, नीट दिसेल. त्या म्हणाल्या, "सवय आहे. बाळंतिणीजवळ असाच धरावा लागते. कंदील असो का टॉर्च, लागते तिथीच उजेड, खाली. लेकरू बाहेर येते तवा त्याच्या डोळ्यात कायले मारायचा? ते बिचारं पहिल्यांदा पाहून राह्यलं." मग जरा थांबून, "बाकीचेबी काई फार जुने नसतात व. ड्रायव्हर असला तरी डोळे तेच."

त्या नोव्हेंबरात त्या कसल्याशा कामाने नागपूरला गेल्या आणि सीताबर्डीवरून माझ्यासाठी दोन छोटे चायना दिवे घेऊन आल्या. एक पांढरा पुढे लावायचा, एक लाल मागे. सेलवर चालणारे. डायनामोसारखं सायकल थांबली की विझायचं काम नाही. बटण एकदा दाबलं की सरळ जळायचा, दुसऱ्यांदा दाबलं की लुकलुकायचा, तिसऱ्यांदा बंद. सिस्टर रात्रीच्या भाकरी विसरून ते बटण दाबत बसल्या होत्या.

"पाह्य, पाह्य!" लुकलुक सुरू झाली की म्हणायच्या. "हा खोकते!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला स्टँडवर नेलं. सायकलीसकट. चंद्रपूरकडे जाणारी एक बस कडेला उभी होती आणि तिचे ड्रायव्हर रहीमभाऊ खाली उभे राहून चहा पीत होते. सिस्टरनी लुगड्याचा पदर खोचला, ड्रायव्हरचं दार उघडलं आणि वर चढून सरळ स्टेअरिंगमागे बसल्या.

"जयभीम, सिस्टर," कंडक्टर म्हणाला. "आता इथी ड्यूटी लागली का?"

"जयभीम. गाडी नाई चालवत, बाबू. डोळे चालवून राह्यली. इथून काय दिसते ते पाहायचं आहे." मग माझ्याकडे बघून, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं, "हं मॅडम! जाय तिकडे, त्या लिंबापासून ये सायकलवर! दिवा लावून!"

मी कोणाकडे न बघता त्या कडुलिंबापर्यंत गेले. तिथून पळून जाता आलं असतं. पण सायकलवर बसले आणि आले.

"डोळ्यात येते!" सिस्टर खिडकीतून ओरडल्या. "खाली कर!"

मी उतरले, दिव्याची मान वाकवली, परत लिंबापर्यंत गेले, परत आले.

"अजून खाली!"

तिसऱ्या फेरीला बसमधले प्रवासी खिडक्यांमधून डोकावत होते. चौथ्या फेरीला पेरू विकणारी बाईसुद्धा ओरडायला लागली, "खाली कर ना व मॅडम, सिस्टरच्या डोळ्यात जाऊन राह्यलं!" माझे कान तापले होते. शेवटी दिवा इतका वाकला की उजेड चाकाच्या थोडा पुढे जमिनीवर पडायला लागला, तेव्हा कुठे सिस्टर समाधानाने मागे टेकल्या.

"आता बरोबर. आता मले तू दिसते. तुहा दिवा नाई दिसत."

रहीमभाऊंनी चहाचा ग्लास ठेवला. "आता उतरा सिस्टर, टाइम झाला. का तुमीच नेता चंद्रपूरले?"

एवढं सगळं ठीक झालं. मग सिस्टरनी एक चूक केली. जंगलाच्या रस्त्याने येताना मी दिवा लुकलुकता ठेवायचा, असं त्यांनी ठरवलं. "जंगलात कोणाचं ध्यान नसते. खोकल्याबिगर कोणी पाहत नाई." माझं काही वेगळं मत नव्हतं. असतं तरी मी बोलले नसते.

पहिल्याच संध्याकाळी समोरून बस आली. मी बटण दोनदा दाबलं. बस दूरवर असतानाच हळू झाली, आणखी हळू झाली आणि माझ्यापासून थोड्या अंतरावर थांबली. इंजिन बंद. आत एकदम शांतता. मग एकेक करून सगळी डोकी खिडक्यांतून बाहेर आली. ड्रायव्हरने दबक्या आवाजात विचारलं, "कुठी आहे?"

"काय?" मी विचारलं.

"वाघ!"

"कुठे?" मी सायकलसकट बसला चिकटले.

"आता मले काय माहीत कुठी? तुमी लाईट मारून राह्यल्या ना, मॅडम!"

त्या रस्त्यावरच्या ड्रायव्हरांची ती रीत होती. पुढे रस्त्यावर जनावर असलं की समोरून येणाऱ्याला लाईट लुकलुकवून दाखवायचा. मग समोरचा हळू होतो, हॉर्न वाजवत नाही, खिडक्या लावून घ्यायला सांगतो. तिथल्या कोणत्याही ड्रायव्हरला हे कोणी शिकवलं नव्हतं, आणि सगळ्यांना येत होतं. मला नव्हतं येत. बसमधलं एक लहान पोर वाघ नाही म्हणून भोकाड पसरून रडायला लागलं. मी "सॉरी" म्हटलं आणि निघाले.

सिस्टरना मी हे सांगितलं नाही. उद्या दिवा बंद ठेवू असं ठरवलं, आणि दुसऱ्या दिवशी अंधाराची भीती वाटली म्हणून परत दोनदा दाबला. त्या दिवशी समोरून पाहुण्यांनी भरलेली जीप येत होती. ती थांबली, घाईघाईने वळली आणि आली तशी मागे गेली. तिच्यात नवरीकडची मंडळी होती. शाळेच्याच गावात साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होता, आणि जीप मागच्या गावात वाघ जायची वाट बघत थांबल्यामुळे तो फार उशिरा झाला. नवरा मुलगा आमच्या शाळेच्या सचिवांचा भाचा निघाला.

सचिवांनी मला ऑफिसात बोलावलं. "मॅडम, तुमच्यापायी या रस्त्यावर रोज वाघ निघून राह्यला," ते म्हणाले. रागावलेले नव्हते, कंटाळलेले होते. "ड्रायव्हर लोकांची तक्रार आहे. उद्या काही झालं तर शाळेवर येते. सोमवारपर्यंत सांगा. अंधाराच्या आत जायची सोय करा, नाहीतर आम्ही दुसरी मॅडम पाहू."

अंधाराच्या आत जायची कुठलीच सोय नव्हती. त्या संध्याकाळी मी दिवे काढून पिशवीत ठेवले आणि सायकल ढकलत, जंगलात प्रत्येक आवाजाला थांबत घरी आले. सिस्टर ओट्यावर होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. आवाज स्थिर ठेवून, इंग्रजीत रिपोर्ट द्यावा तसं. त्यांनी माझ्या पिशवीतून पांढरा दिवा काढला आणि उलटसुलट करून बघितला.

"मी जलमभर या रस्त्यानं गेली," शेवटी म्हणाल्या. "मले कोणी सांगतलं नाई." डायनामोचा दिवा लुकलुकत नाही. त्यामुळे त्यांना बघून कधी कोणी थांबलंच नव्हतं. त्यांना ते लागलेलं दिसत होतं. त्यांच्या रस्त्याची एक भाषा होती आणि ती त्यांना माहीत नव्हती.

रविवारी सकाळी त्या मला स्टँडवरच्या कँटीनमध्ये घेऊन गेल्या. चार-पाच ड्रायव्हर चहा पीत बसले होते, त्यांच्यात रहीमभाऊ होते. आम्हाला बघून सगळे जरा सावरून बसले. मला वाटलं, आता सिस्टर सगळ्यांची हजेरी घेणार. त्या बाकावर बसल्या, आलुबोंडा मागवला, आणि म्हणाल्या, "ही बोलते." आणि अख्खा आलुबोंडा तोंडात घातला.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या चावत होत्या. मुद्दाम हळू चावत होत्या. ड्रायव्हर माझ्याकडे बघत होते. कोणीतरी बशीत चहा ओतायचा थांबला.

मला सिस्टरचं पहिल्या दिवसाचं वाक्य आठवलं. मिळू शकेल का नाही. दे म्हण.

"मला सांगा," मी म्हटलं. "मी तुम्हाला दिसले पाहिजे. आणि तुम्हाला त्रास झाला नाही पाहिजे. दिवा कसा लावू?"

मग सगळे एकदम बोलायला लागले. इतक्या वर्षांत त्यांना हे कोणी विचारलं नसावं.

"लुकलुक दिसली का समजते, कोणीतरी आहे," रहीमभाऊ म्हणाले. "पण किती दूर आहे, थांबलं का येऊन राह्यलं, हे नाई समजत. सरळ जळता दिवा असला तं अंदाज येते. अंधारात सरळच ठेवा, मॅडम. अन् असाच खाली. सिस्टरनं वाकवला तो बरोबर आहे."

"अन् लुकलुक झाडीतून पाह्यली का काजवाबी वाटते, डोळेबी वाटते," दुसरा म्हणाला.

"मंग लुकलुक करूच नाई का?"

"गावात करा ना! तिकडे मिलचे ट्रक उभे राहतात, गर्दी असते, दिवसाउजेडी पाऊस असते, तिथी करा. तिथी कोणाले वाघ वाटत नाई."

"मागचा लाल?" मी विचारलं.

"लाल लुकलुकू द्या खुशाल," कोपऱ्यातला म्हातारा ड्रायव्हर म्हणाला. "जनावर मागं लाल लाईट लावून नाई फिरत."

सगळे हसले. मीही हसले. सिस्टरचा आलुबोंडा एव्हाना संपला होता.

"मंग हे मले आधी काऊन नाई सांगतलं रे, बाबू?" त्यांनी रहीमभाऊंना विचारलं.

"तुमी इचारलं कधी, सिस्टर? तुमी तं नुसतं सांगता."

कँटीनमध्ये पुन्हा हशा झाला. सिस्टर त्यात सगळ्यात उशिरा सामील झाल्या, पण झाल्या.

सोमवारी मी सचिवांना म्हटलं, आज एक दिवस बघा, मग ठरवा. त्या दुपारी ते कामासाठी मूलला गेले आणि संध्याकाळी रहीमभाऊंच्या बसने गावाकडे परतत होते. मी समोरून सायकलवर येत होते. दिवा सरळ जळत होता, मान खाली. रहीमभाऊंनी दुरूनच डिपर मारून आपले दिवे खाली केले, बस माझ्याजवळ आणून थांबवली आणि सचिवांना आपल्या सीटशेजारी बोलावून विचारलं, "पाहा साहेब. मॅडम दिसल्या का?"

"दिसल्या."

"डोळ्यात गेलं?"

"नाही."

"वाघ वाटला?"

सचिव हसले. नोकरी राहिली. दिवाळी तेव्हा होऊन गेली होती आणि वडील अजून वाट बघत होते. ते एकदा शनिवारी आले, तेव्हा सिस्टरनी त्यांनाही स्टँडवर नेऊन बसच्या ड्रायव्हरच्या सीटवर चढवलं आणि मला लिंबापासून सायकल चालवायला लावली. पेरूवाल्या बाईने या वेळी ओरडून सांगितलं, "बरोबर आहे व मॅडम!" वडील खाली उतरले आणि घरी यायचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

त्यानंतर त्या रस्त्यावर मला दिवे खाली करणाऱ्या बस भेटू लागल्या. रोजच्या. एकमेकांशी न बोलता ओळख असलेली माणसं असतात ना, तसं ते होतं. मला ती ओळख फार सोयीची वाटायची.

जंगलात लुकलुक मी दोन वर्षांत एकदाच केली. रस्त्याच्या मधोमध अस्वल होतं, पाठीवर पिल्लू घेऊन, काही घाई नसल्यासारखं. मागून येणाऱ्या ट्रककडे मी सायकल वळवली आणि बटण दुसऱ्यांदा दाबलं. ट्रक थांबला. ड्रायव्हरने काही विचारलं नाही, नुसतं दार उघडलं, आणि अस्वल जाईपर्यंत मी आत बसले. घरी येऊन सांगितलं तेव्हा सिस्टर एवढंच म्हणाल्या, "सेल बदल. उतरले असतील." मग बकरीला बांधायला गेल्या. त्या रात्री जेवणात मात्र माझ्या ताटात त्यांनी न विचारता दोनदा भाजी वाढली.

मला नागपूरच्या एका शाळेत नोकरी लागली आणि माझं जायचं ठरलं. निघायच्या दिवशी सिस्टर दुपारीच शेतावर जायला निघाल्या. "स्टँडवरची रडारड मले पाहवत नाई," म्हणाल्या. "खोलीची किल्ली खिळ्याला लाव." आणि गेल्या. त्यांच्या सायकलीवर एव्हाना तसलेच दोन चायना दिवे होते. पांढऱ्याची मान वाकवलेली.

संध्याकाळच्या बसने मी निघाले. आधी चंद्रपूरला घरी. रहीमभाऊच ड्रायव्हर होते. मी त्यांच्या मागच्या सीटवर बसले होते, मांडीवर पिशवी घेऊन. जंगल सुरू झालं. थोड्या वेळाने समोर दूर एक छोटा उजेड दिसला. सरळ, स्थिर, जमिनीलगत. रहीमभाऊंनी ओळखून दिवे खाली केले.

आणि तो उजेड लुकलुकायला लागला.

रहीमभाऊंनी ब्रेक दाबला. "जनावर!" कंडक्टर पुटपुटला. खिडक्या धडाधड लागल्या, मग हळूच एकेक फट उघडली. सगळी बस उजव्या बाजूला वाकली. सायकल तशीच लुकलुकत, सावकाश, पायडल मारत आमच्याजवळ आली. तेव्हा बटण दाबल्याचा आवाज झाला आणि दिवा विझला, मग परत दाबल्यावर सरळ जळायला लागला.

"कुठी आहे, सिस्टर?" रहीमभाऊंनी खिडकीतून विचारलं.

सिस्टरनी वर बघितलं नाही. माझ्या खिडकीकडे तर मुळीच नाही.

"काई नाई रे, बाबू," त्या म्हणाल्या. "खोकला आला."

आणि पुढे गेल्या. रहीमभाऊंनी आरशातून माझ्याकडे बघितलं आणि गाडी सुरू केली. मी उठून मागच्या काचेपाशी गेले. अंधारात लाल दिवा लुकलुकत लांब जात होता. तो नियमातच होता.